एकशे बारा चौकोन

माणसाने नापास व्हावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नापास झालेल्या माणसाने सबंध पौष महिना पट्टी आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन अभ्यासाचं वेळापत्रक आखत बसावं, आणि आईने "बाबा रे, पुस्तक कधी उघडणार?" असं विचारलं की "आई, मध्ये बोलू नकोस, माझं नियोजन चाललंय" म्हणून तिलाच गप्प करावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मी दोन इयत्ता शिकले. दोन्ही पहिल्या फटक्यात पास झाले. वेळापत्रक कशाशी खातात ते मला ठाऊकही नव्हतं.

हा नियोजनवाला म्हणजे आमचा जनार्दन. भाईंदरच्या आमच्या आळीतला पहिला बी.ए. आता बी.ए. झाल्यावर मास्तर व्हायला वेगळ्या कॉलेजात जावं लागतं, हे त्यानेच मला सांगितलं. आणि त्या कॉलेजात शिरायलाही परीक्षा! म्हणजे सोळा वर्षं शिकून झाल्यावर हा शिकायला लायक आहे का, ते बघणार. इंग्रजी निबंध, अंकगणित आणि सामान्य ज्ञान असे तीन पेपर. सामान्य ज्ञानाचा पेपर ठेवला हे ऐकून मला त्या कॉलेजाबद्दल आदर वाटला, कारण बी.ए. झालेल्या मुलांत नेमकं तेच कमी असतं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा बसला आणि सहा मार्कांनी गेला. नियम असा की दोनदाच बसू देतात. तिसऱ्यांदा दार बंद. आमचे हे मिठाच्या आगरावरचे, दिवसाला चार शब्द बोलणारे. निकालाच्या दिवशी त्यांनी दीड दिवसाचे शब्द एकदम वापरले.

"दुसऱ्यांदा न्हाय झालं, तर आगरान ये."

यांचे पाय मी सव्वीस वर्षं बघतेय. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून टाचांना अशा भेगा पडल्यात की त्यांत तांदळाचा दाणा बसेल. रोज जेवणं झाली की करंजाचं तेल चोळून देते, सकाळी पुन्हा त्या भेगा तशाच. जनार्दनाचे पाय अजून गुळगुळीत आहेत. ते तसेच राहावेत एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी मी देव पाण्यात ठेवले नाहीत, आमच्याकडे पाण्यात ठेवायला माणसंच पुष्कळ आहेत. मी फक्त त्या वेळापत्रकावर डोळा ठेवला.

लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून स्वारीने भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडर काढून तिच्या पाठीवर चौकोन आखले. रोजचे सोळा, आठवड्याचे एकशे बारा. तांबडा म्हणजे कठीण, निळा म्हणजे सोपा. पाच ते पाच-पाच जागृती. पाच-पाच ते पाच-पंधरा आत्मपरीक्षण. मग आंघोळ, ती तांबड्यात. अंकगणिताला चाळीस मिनिटं, विश्रांतीला वीस, आणि संध्याकाळी 'निसर्गनिरीक्षण' म्हणून एक चौकोन होता. त्यात तो वेशीवर जाऊन मित्रांशी गप्पा मारायचा.

हे सगळं शिकवलं कॅजिटन मास्तरांनी. मास्तर तारोडीचे, उत्तनकडच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आठवड्यातून एकदा सायकलीवरून यायचे, जनार्दनाचा निबंध तपासायचे आणि माझ्या हातचा सुकटीचा रस्सा चाखायचे. "बाय, टाइमटेबल इज हाफ द स्टडी!" असं ते जाता जाता म्हणायचे. ते ऐकून पोराने तेवढा अर्धाच अभ्यास करायचं ठरवलं.

बरं, वेळापत्रक झालं. आता ते कोणत्या घड्याळावर चालवायचं?

इथे मला थोडं आमच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल गावात वाटेल ते बोललं जातं. मी मूळची माझगावची. माझे वडील गोदीत मुकादम होते आणि त्यांना साहेबाने लंबकाचं घड्याळ दिलं होतं. ते माझ्या लग्नात माझ्याबरोबर आलं. ते मुंबई टाइम दाखवतं. तेव्हा मुंबईचा टाइम वेगळा आणि रेल्वेचा वेगळा होता, रेल्वे एकोणचाळीस मिनिटं पुढे. मुंबईकरांनी म्हटलं, आमचा सूर्य आमच्या डोक्यावर येईल तेव्हा आमचे बारा वाजतील. मला ते बाणेदार वाटलं. मी ते घड्याळ कधी कुणाला हलवू दिलं नाही. पुढे सरकारने लढाई जिंकण्यासाठी सगळ्या हिंदुस्तानची घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली. लढाई तासभर लवकर संपेल अशी काहीतरी अटकळ असावी. माझं घड्याळ होतं तिथेच राहिलं. आता ते सरकारच्या एक तास एकोणचाळीस मिनिटं मागे होतं, पण मान ताठ होती.

शेजारची चांगुणाबाई मात्र येता-जाता टोमणा मारायची. "वैनी, पोरगं नापास कवा झालं, मुंबईच्या टायमान का रेल्वेच्या?"

आता ती काय बोलते ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या परीक्षेच्या पत्रावर 'सकाळी अकरा' एवढंच छापलं होतं. जनार्दनाने मला विचारलं, "आई, अकरा म्हणजे कोणते?" मी म्हटलं, "अरे, परीक्षा मुंबईत, तर टाइम मुंबईचाच असणार!" आता यात चूक काय? पण ते कॉलेज निघालं सरकारी टाइमाचं. लढाईचा तो जादा तास तेव्हा अजून आला नव्हता, म्हणून थोडक्यात भागलं. हा माझ्या अकराला पोचला तेव्हा आत अंकगणिताच्या पेपराची एकोणचाळीस मिनिटं उडाली होती. सहा मार्कं कुठे गेली असतील ते ज्याचं त्याने समजावं. घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. जनार्दनानेही नाही. त्याने काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

तर यंदा त्याने वेळापत्रक रेल्वेच्या घड्याळावर लावलं. स्टेशनात जाऊन आपलं मनगटी घड्याळ मिळवून आला. परिणाम असा की त्याचा जेवणाचा चौकोन यायचा तेव्हा माझ्या चुलीवर भाताला आधणही नसायचं. "आई, बारा वाजले." "माझ्याकडे सव्वादहा वाजलेत, दहा-वीस जे काय ते." मग वीस मिनिटं तो रिकाम्या ताटापुढे बसून राहायचा आणि बारा-वीसला उपाशीच उठायचा, कारण पुढचा चौकोन सुरू झाला! आंघोळीच्या चौकोनात विहिरीवर चांगुणाबाई गोधड्या धूत असायची. तिला सांगायला गेला, "काकी, माझी पाच-पंधराची आंघोळ आहे." ती म्हणाली, "मंग कर ना. मी काय तुजी पाच-पंधरा धरून ठेवलीय?"

अशा तऱ्हेने आठ दिवसांत तो चार वेळा उपाशी राहिला, तीन वेळा बिनआंघोळीचा, आणि आत्मपरीक्षण मात्र एकदाही चुकलं नाही.

मग माघी पौर्णिमा आली. पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण येतं. तेव्हा बांधातलं लाकडी दार उघडून पाणी आगरात घ्यायचं आणि पुरेसं आलं की बंद करायचं. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. यांचा पाय मुरगळला होता म्हणून हे जनार्दनाला म्हणाले, "जा, उघाडीवर बस. पानी भरलं की लाव." पोरगं गेलं. बरोबर अंकगणिताचं पुस्तक नेलं, कारण चौकोन अंकगणिताचा होता. मला कौतुक वाटलं. मनात म्हटलं, बघा, दोन्ही कामं करतोय!

एक वाजता तो घरी येऊन ओसरीवर आडवा झाला.

"उघाडी लावलीस?" मी विचारलं.

"पाणी अजून चढतंय."

"मग इथे काय करतोयस?"

"एक ते एक-वीस विश्रांती आहे."

मी पळाले. बाई माणूस, पदर खोचून, भर दुपारी, सगळ्या आळीदेखत पळाले. पोचेपर्यंत पाणी आतल्या बांधावरून मिठाच्या वाफ्यांत शिरलं होतं. पंधरा दिवस उन्हात धरत आलेलं पांढरंशुभ्र मीठ माझ्या डोळ्यांदेखत विरघळून गेलं. जिथून आलं तिथे गेलं म्हणायचं. हे लंगडत मागून आले, बघून घेतलं, आणि पोराला एवढंच म्हणाले, "पोरा, पानी तुजा चौकोन बघत न्हाय."

त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. विचार केला म्हणजे भांडी घासताना तेच ते घोळवलं. पाणी रोज पाऊण तासाने उशिरा येतं. घड्याळ रोज त्याच वेळी वाजतं. या घरात आपण जेवतो पाण्यावर, निजतो पाण्यावर, तर हे एकटं कार्टं घड्याळावर कसं चालेल?

तिसऱ्या दिवशी मी गेरू कालवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक काढलं. एकशे बारा चौकोन नाहीत, पंधरा रेघा. प्रतिपदेपासून पंधरवड्याच्या शेवटापर्यंत, प्रत्येकीच्या टोकाला त्या तिथीची चंद्राची कोर. शुद्ध असो की वद्य, पाण्याला तिथी सारखीच, म्हणून पंधरा पुरतात. प्रत्येक रेघेवर पाणी कधी चढतं, कधी उतरतं त्याच्या लाटा. पाणी चढताना उघाडीवर बसून अभ्यास, उतरताना जेवण, झोप, काय ते. उधाण नसेल त्या दिवसांत उजळणी. विषय लिहिण्याइतकी अक्षरं माझ्याकडे नाहीत, म्हणून चित्रं काढली. इंग्रजीला टोपी. अंकगणिताला मिठाचे ढीग. सामान्य ज्ञानाला एक मोठा डोळा.

जनार्दन बघून म्हणाला, "आई, याला काही शास्त्रीय आधार आहे का?"

"खाडी आहे," मी म्हटलं. "आणि मी आहे."

कॅजिटन मास्तरांना दाखवलं. मला वाटलं हसतील. चष्मा वर करून त्यांनी पंधराही रेघा वाचल्या आणि म्हणाले, "अगो बाय, आमचे तारोडीचे होडीवाले असेच चालतात. मीच येडा, तीस वर्सं घंटेवर शिकवलं." मग त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

आणि लागली की हो गाडी रुळावर! पोरगं बांधावर बसून मोठ्याने इंग्रजी वाचायचं. बगळे उडून जायचे. पाणी चढायला लागलं की याची गणितं सुटायला लागायची, पाणी वळलं की हा पुस्तक मिटून उघाडी लावायचा आणि राक्षसासारखा जेवायचा. फाल्गुन गेला, चैत्र निम्मा गेला. चांगुणाबाईचे टोमणेसुद्धा बंद झाले. मी मनात म्हटलं, झालं, आता फक्त परीक्षा.

तेवढ्यात कॉलेजाचं पत्र आलं. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांनी आपल्या अभ्यासाचा तक्ता पाठवावा, त्यावर पालकाची सही असावी आणि सरकारी अंमलदाराचा शिक्का असावा. तक्ता आला नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

जनार्दनाने भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा कागदावर उतरवला. मी खाली सही केली. माझी सही मोठी असते, अर्धा कागद त्यातच गेला. आणि खटाऱ्यात बसून, वरसाव्याच्या रस्त्याने, हाडं खिळखिळी करून घेत आम्ही मायलेक तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथे दोन तास बाकावर बसवलं. मग एका कारकुनाने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे, बाई?"

"अभ्यासाचा तक्ता."

"यात वेळ कुठे आहे? किती ते किती?"

"तृतीयेला पाणी जेव्हा चढतं तेव्हा."

"वेळ घड्याळाप्रमाणे लिहा. सरकारी घड्याळाप्रमाणे."

"मग आधी खाडीला सरकारी घड्याळ बांधा," मी म्हटलं. "ती आमचं ऐकत नाही."

जनार्दनाने माझा पदर ओढला. पण तोवर कारकुनाचा चेहरा बदलला होता. तो कागद त्याने डोळ्यांजवळ नेला. चंद्राच्या कोरी. लाटा. भरती कधी, ओहोटी कधी. टोपी. ढीग. डोळा. लढाईचे दिवस, किनाऱ्यावर जपानी उतरणार म्हणून रोज बातम्या. कारकून आत गेला आणि बाहेर आला तो हवालदाराला घेऊन.

"ये नक्शा किसने बनाया?" हवालदाराने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेल्या कशाला तरी कोणी नकाशा म्हणत होतं. मी ताठ उभी राहिले. "हमने बनाया."

"ये टोपीवाला कौन है?"

"इंग्रजी."

"इंग्रज?" तो दचकला. "और ये ढेर? बारूद?"

"अंकगणित!"

"और ये आँख किस पर नजर रखती है?"

"सामान्य ज्ञान," जनार्दन रडकुंडीला येऊन म्हणाला. "हवालदारसाहेब, मैं बी.ए. हूँ."

ते ऐकून हवालदाराचा संशय आणखी पक्का झाला. दुसऱ्या दिवशी तो दोन शिपाई घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. सगळी आळी मागून दारात. त्याने भिंत बघितली, चूल बघितली, चांगुणाबाईला विचारलं, "यहाँ कोई अजनबी आता है?" ती म्हणाली, "उत्तनचे एक मास्तर येतात, रस्सा प्यायला." तेवढ्यावरून कॅजिटन मास्तरांची सायकल तीन दिवस जप्त होती. शेवटी हवालदाराला कळलं असावं की या घरातून जपानला काही कळवायचं झालं तर त्याला रोजचं जेवण तेवढं कळेल. पण हुकूम तो हुकूम. किनाऱ्याच्या गावात भरती-ओहोटीचं कोष्टक उघड्या भिंतीवर नको. शिपायांनी माझ्याच चुन्याने, माझ्याच कुंचल्याने, माझ्या डोळ्यांसमोर सगळी भिंत पांढरी केली. आणि वर आणखी निघताना चहा मागितला.

आणि तक्ता? जनार्दन ते लक्ष्मीच्या पाठीवरचे एकशे बारा चौकोन घेऊन कचेरीत गेला. कारकुनाने बघितलं, "वा, असं हवं," म्हणाला आणि धाडकन शिक्का मारला. ज्याच्याप्रमाणे पोरगं आठ दिवसही धड चाललं नाही ते खरं ठरलं, आणि दोन महिने ज्याच्यावर चाललं त्याला चुना लागला.

परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. पांढऱ्या भिंतीकडे बघत जनार्दन बसला आणि हळूच त्याने ती लाल-निळी पेन्सिल काढली. मी ती घेऊन चुलीत टाकली. त्याने तोंड उघडलं, मी डोळे वटारले, आणि तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"जना रंऽऽ! पानी लागलं!"

हे होते. चार शब्दांचा माणूस, आणि आवाज असा की खाडीपलीकडे जावा. जनार्दन उठला, पुस्तक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाऊण तासाने उशिरा पुन्हा तीच हाक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "दुसऱ्यांदा न्हाय झालं तर आगरान ये" म्हणणारा माणूस पाच आठवडे रोज पोराला आगरातून हाकलण्यासाठी हाक मारत होता. मी यावर काही बोलले नाही. फक्त त्या दिवसांत तेल जरा जास्त वेळ चोळलं.

परीक्षा नेमकी वैशाखी अमावास्येला. चांगुणाबाई म्हणाली, "अरं देवा, अमावशेला?" मी म्हटलं, "बये, उधाण आहे. अकराला पाणी चढत असणार."

पत्रावर यंदाही नुसतं 'सकाळी अकरा'. जनार्दनाने ते माझ्यापुढे धरलं नाही, मुकाट्याने खिशात घातलं. ते मला लागलं. मग त्या सकाळी तो विहिरीवर असताना मी स्टूल घेतलं, वर चढले, माझ्या वडिलांच्या घड्याळाची काच उघडली आणि काटा पुढे सरकवला. एक तास एकोणचाळीस मिनिटं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तो आत आला, घड्याळाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "गाडी चुकेल."

मी बरोबर गेले. कॉलेजाच्या आवारात बदामाच्या झाडाखाली बसले. तो बाहेर आला तेव्हा तोंड उतरलेलं नव्हतं.

"आई, पेपर हातात आला आणि डोकं कोरं. मग म्हटलं, आता पाणी अर्ध्याच्या वर आलं असेल, बाबा बांधावर उभे असतील. हाक ऐकू आल्यासारखं झालं आणि हात चालायला लागला."

"गणितं सगळी सोडवलीस का?" मी विचारलं. डोळे पुसत बसायची ती जागा नव्हती.

घरी आलो तर चांगुणाबाई दारातच. "वैनी, तुमच्या ह्यांना काय झालंय वो? सकाळी बांधावर उभं ऱ्हाऊन 'जना रं, पानी लागलं' म्हून वरडत होतं. पोरगं मुंबईला, आन हाक हितं!"

मी आत गेले आणि घड्याळ परत मागे केलं. झालं तेवढं पुरे.

महिन्याने कार्ड आलं. पास. हे कार्ड उलटसुलट बघून म्हणाले, "बरं झालं," आणि पावसाने आगराची कामं बंद असूनही बांधावर जाऊन बसले.

इथवर सगळं नीट झालं. पण परवा मी दुपारची उठून बाहेर आले तर जनार्दनाने कॉलेजाकडून परत आलेले ते शिक्का मारलेले एकशे बारा चौकोन काच लावून ओसरीवर टांगलेले. पुढे आळीतली चार पोरं मांडी घालून बसलेली, आणि हा हातात पट्टी घेऊन सांगतोय, "यशाचं रहस्य म्हणजे नियोजन. पाच-पाच ते पाच-पंधरा आत्मपरीक्षण!"

मी पोरांना घरी पाठवलं, पट्टी काढून घेतली आणि त्याला सांगितलं, "जना, तू मास्तर हो. इंग्रजी शिकव, गणितं शिकव, जमलं तर सामान्य ज्ञानही शिकव. पण शाळेची घंटा शिपायालाच वाजवू दे. तू वाजवायला लागलास तर विश्रांतीचा चौकोन आला म्हणून पोरं अर्धा पेपर टाकून घरी येतील, आणि तुझ्या त्या पोरांना हाक मारायला तुझा बाप काही प्रत्येक बांधावर उभा नसेल!"